कितवीत आहेस गं?

नवीन वर्ष लागलं की आपल्या प्रत्येकाकडे एक यादी तयार असते. जिम (मार्चपर्यंत), डाएट (पहिल्या लग्नाच्या जेवणापर्यंत), ‘यंदा ऑफिसातून वेळेत निघायचं’ (पहिल्या सोमवारपर्यंत). शिवाय ऑफिसची वेगळी यादी असतेच. केआरए, टार्गेट, सेल्फ-अप्रेझल. त्यात आपण काय लिहितो? तर बॉसला वाचायला बरं वाटेल ते. खरं बोला!

माझ्या ताईच्या घरीही दर ३१ डिसेंबरला यादी होते. पण तिथे बॉस नाही, युनिट टेस्ट नाही आणि प्रगतिपुस्तकही नाही. ताई-जिजूंची दोन्ही मुलं होमस्कूलिंग करतात. मोठी बारा वर्षांची, धाकटा नऊचा. (नावं छापायची नाहीत, अशी दोघांची अट आहे. मोठीने तर ‘मावशी, फोटोपण नाही हं!’ असं बजावलंय.) मोठी पहिली करून शाळेबाहेर पडली, धाकटा शाळेत गेलाच नाही. ताई आर्किटेक्ट आहे. तिने पाच वर्षांपूर्वी फुल टाइम नोकरी सोडली आणि आता घरून थोडीफार कामं घेते. जिजू आपल्यासारखेच, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले.

‘म्हणजे दिवसभर घरी करतात काय?’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असणार. सकाळी अडीच तास गणित आणि भाषा. त्यासाठी बालभारतीचीच पुस्तकं, त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. बाकीचा दिवस ज्याचा त्याचा. मोठीने यंदा दिवाळीच्या फराळाचा हिशोब ठेवला होता. भाजणीचं प्रमाण, तेल किती प्यायलं, गॅस किती गेला, सगळं मांडून तिने एका चकलीची किंमत काढली. आईने ती वही बघितली आणि पहिल्यांदाच म्हणाली, ‘बाहेरून आणलेली परवडते की गं!’ आमच्या घरात ही क्रांतीच.

पण दिवाळीत खरी परीक्षा वेगळीच असते. भाऊबीजेला आईकडे वीस-बावीस माणसं जमतात. आपल्याकडे पाहुण्यांच्या मुलांशी बोलायचं म्हटलं की मोठ्यांकडे एकच वाक्य असतं : ‘कितवीत आहेस गं?’ उत्तर आलं की ‘अरे वा!’ म्हणायचं आणि चिवड्याकडे वळायचं. इथे उत्तर येतं, ‘मी शाळेत जात नाही.’ मग चिवडा राहतो बाजूला आणि ताईची तोंडी परीक्षा सुरू होते.

प्रश्न पहिला, आमच्या काकांचा. ‘हे कायद्यात बसतं का?’ ताईला हे आता पाठ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात लिहिलंय, पण घातलं नाही तर शिक्षा लिहिलेली नाही. ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थही कायद्याने सरकारवरची जबाबदारी असा सांगितलाय. म्हणजे होमस्कूलिंगवर बंदी नाही आणि त्याला वेगळी मान्यताही नाही. मधल्या पट्टीवर चालणारी माणसं आहेत ही.

प्रश्न दुसरा, आत्याचा. ‘आणि दहावीचं काय?’ त्यासाठी ‘एनआयओएस’ आहे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ पासूनचं हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि सगळे विषय एकदम द्यायलाच हवेत असंही नाही. तरीही आत्याचा चेहरा ‘बघ बाई’ असाच राहतो.

अशा वेळी कुणीतरी मालविका जोशीचं नाव काढतंच. मुंबईची ही मुलगी सातवीनंतर शाळेबाहेर पडली, प्रोग्रॅमिंगच्या नादी लागली, इन्फॉर्मॅटिक्सच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं आणली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आपल्या आयआयटीचं दार मात्र बारावी नाही म्हणून बंद होतं. हे उदाहरण निघालं की सगळे खूश होतात, फक्त ताई होत नाही. ‘पदक आणलं तरच चालेल, असाच अर्थ झाला ना याचा? तुमच्या शाळेतली सगळी मुलं पदकं आणतात का?’ पॉइंट आहे!

यंदा मात्र आमच्या आजीने सिक्सर मारली. वय वर्षं सत्त्याऐंशी. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या रे?’ एकदम शांतता. खरंच की! रमाबाई संस्कृत शिकल्या आईवडिलांकडे, तेही तीर्थयात्रेत गावोगाव फिरताना. आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. काकांनी विषय बदलून पुण्याच्या मेट्रोवर नेला.

या घराचं दुसरं गॅदरिंग डिसेंबरात असतं, आणि ते मला जाम आवडतं. पुणे, मुंबई, नाशिककडची सात-आठ होमस्कूलिंगवाली कुटुंबं एका ओळखीच्या शेतावर हुरड्याला जमतात. आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. तिथे कुणी कुणाला ‘कितवीत’ विचारत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरीला कणीस न पोळता कसं धरायचं ते दाखवत असतो आणि ती त्याला बोरं कशी निवडायची ते शिकवत असते. रात्री चादरी टाकून सगळे आडवे होतात. मृग, त्याच्या मागे व्याध, वरच्या अंगाला कृत्तिकांचा पुंजका. धाकट्याला मृगाच्या पोटातला बाण दिसला आणि त्याने मला तीनदा दाखवला. मी तीनदा ‘सही!’ म्हटलं.

निघताना मोठी तिच्या वयाच्या एका मुलीला घट्ट मिठी मारून उभी होती. दोघींनी तीन दिवस अखंड बडबड केली होती. ‘परत कधी?’ ती मुलगी म्हणाली. मोठीने सांगितलं, ‘मार्चमध्ये, बहुतेक.’ गाडीत ती काही बोलली नाही. झोप आली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

आता ३१ डिसेंबर. आपण सगळे ज्या रात्री टेबल बुक करायच्या टेन्शनमध्ये असतो, त्या रात्री ताईकडे पावभाजी असते आणि मागच्या वर्षीच्या याद्या मोठ्याने वाचायच्या असतात. नियम दोनच. ज्याची यादी, त्यानेच वाचायची. आणि जे झालं नाही त्यावर कुणी ‘का नाही?’ विचारायचं नाही, ज्याने लिहिलं त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. (हा नियम आमच्या एचआरला पाठवावा असं माझ्या फार मनात आहे.)

जिजूंचं ‘रात्री जेवताना फोन दुसऱ्या खोलीत’ हे सहा महिने टिकलं. ताईचं ‘संध्याकाळी सहानंतर मी कुणाची टीचर नाही’ हे जमलंच नाही, आणि तिने ते पुन्हा यादीत घातलं. धाकट्याचा प्रोजेक्ट तर भन्नाट आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून त्याला हे बाराच्या बारा करायचेत. आत्तापर्यंत शिवनेरी, लोहगड, राजगड आणि रायगड झाले. खांदेरीला बोट लागते म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक शिकणं चालू आहे. जिंजीसाठी तमिळचे आकडे दहापर्यंत पाठ झालेत. अकरावर गाडी अडलीय.

मग मोठी उठली. तिच्या कागदावर तीन गोष्टी होत्या. एक, पोहण्याचे पन्नास मीटर न थांबता. दोन, चकलीच्या हिशोबासारखा घरखर्चाचा हिशोब तीन महिने ठेवायचा. तिसरी वाचायला तिने जरा वेळ घेतला.

‘शाळेत जायचं.’

पावभाजीच्या तव्याचा आवाज तेवढा राहिला. मी ताईकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. पाच वर्षं. सोडलेली नोकरी, भाऊबीजेच्या तोंडी परीक्षा, रात्री उशिरापर्यंत जागून काढलेली वर्कशीटं. आणि आता हे? ताई काही बोलली नाही. नियम तिनेच केला होता ना, ‘का’ विचारायचं नाही! शेवटी मोठीनेच सांगितलं. ‘घरी मला आवडतं. कंटाळा नाही आला. पण मला रोज भेटणाऱ्या मैत्रिणी हव्यात. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी परत भेटणाऱ्या. हुरड्याला भांडण झालं तर मार्चपर्यंत थांबावं लागतं.’

बारा वर्षांच्या पोरीने इतकं साधं सांगितलं की त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सकाळचं गणित घरी होतं, किल्ले होतात, तमिळचे आकडेही होतात. पण रोजची मैत्रीण आणायची कुठून? आपल्याला वाटतं, ऑफिस म्हणजे काम. पण वर्क फ्रॉम होमची ती दोन वर्षं आठवा. काम झालंच होतं की सगळं. मिस काय केलं? चारचा चहा आणि शेजारच्या डेस्कवरची किटकिट!

ताई उठून आत गेली. पाच मिनिटांनी आली ती लॅपटॉप घेऊनच. डोळे लाल होते, पण आवाज तिचा नेहमीचाच, साइटवर कॉन्ट्रॅक्टरशी बोलतानाचा. ‘कलम चार,’ ती म्हणाली. शिक्षण हक्क कायद्यातलंच. चौदा वर्षांच्या आतलं मूल शाळेत नसेल, तर त्याला वयाप्रमाणे त्याच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे आणि मागचं भरून काढायला जास्तीचं शिकवणं मिळण्याचाही. म्हणजे मोठी जूनमध्ये थेट सातवीत. पाच वर्षं ज्या कायद्यातल्या फटीतून हे घर चालत आलं, त्याच कायद्याचं दार आता उघडायचं होतं. आणि या दाराला मुदत आहे. ती चौदाची झाली की हा रस्ता इतका सोपा राहणार नाही.

जिजूंनी हळूच विचारलं, ‘तुला चालेल?’ ताई म्हणाली, ‘मुलांनी स्वतः ठरवायला शिकावं म्हणून घरी ठेवलं ना आपण? मग तिने ठरवलंय.’

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताईने दोन शाळांना फोन केले. एका ठिकाणी पहिलाच प्रश्न आला, ‘आधीच्या शाळेचा दाखला?’ पहिलीचा आहे, म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. दुसऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘मुलीला घेऊन या, बोलू.’ मोठीने जायच्या आधी स्वतःचे प्रश्न वहीत लिहून काढलेत. लायब्ररीतलं पुस्तक घरी नेता येतं का? मधली सुट्टी किती मिनिटांची? शंका आली तर लगेच विचारायची की तास संपल्यावर? शाळेची मुलाखत ती घेणार आहे, असं एकूण दिसतंय. प्रवेश मिळेल का, मिळाला तर रमेल का, ते जूननंतर कळेल. नाहीच रमली तर घरचं टेबल आहे तिथेच आहे, असं ताईने तिला सांगून ठेवलंय.

या सगळ्यात धाकटा मात्र गप्प होता. त्या रात्री गाद्या घालताना त्याने विचारलं, ‘ताई शाळेत गेली तर किल्ल्यांवर मी कुणाबरोबर जाणार? बाबा राजगडावर पण फोनवर होते.’ मोठी म्हणाली, ‘रविवारी शाळा नसते, बावळट.’ मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कोरा कागद होता, कारण पाहुण्यांनाही यादी करावी लागते. मी एकच ओळ लिहिली : महिन्यातला एक रविवार, एक किल्ला.

पहिला नंबर प्रतापगडाचा. पहाटे पाचला कोथरूडहून निघायचं आहे. शनिवारी रात्री पार्टी नाही, आणि ट्रेकला जुने स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, तळ गुळगुळीत झालेत त्यांचे, असं धाकट्याने मला आत्ताच सांगून ठेवलंय.