सहा वर्षांआधीची मुले कोणाची?

दोन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. तीन वर्षांचे मूल बोलत नाही, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून आक्रोश करते. घरातले म्हणतात, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘आईने लाडावून ठेवलंय’. कुणी दृष्ट काढायला सांगते. यात दोन-तीन वर्षे निघून जातात. मेंदूची वाढ याच वयात सर्वांत वेगाने होत असल्याने हा उशीर मुलाला फार महाग पडतो.

कायदा काय सांगतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व आहे. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता त्यात येतात. कलम 25 नुसार सर्व मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्यासाठी सरकारने पावले उचलायची आहेत. मात्र मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 नुसार 6 ते 18 वयासाठी, तोही ठरावीक टक्केवारीचे दिव्यांगत्व असलेल्यांनाच. म्हणजे गरज सर्वाधिक तेव्हा हक्क नाही. अतिचंचलतेची तर 21 प्रकारांत वेगळी नोंदही नाही. भावनिक अडचणीत असलेले मूल प्रमाणपत्राच्या दारातच अडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी, असा त्याचा नियम. पण करंजाडेसारख्या सिडकोच्या नव्या वसाहतीत भाड्याने राहणारे कुटुंब मुलाला खासगी नर्सरीत घालते, तेव्हा ते मूल या तपासणीतून सुटते. दोष सापडला तरी पुढचे उपचार केंद्र योजनेनुसार जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर, आणि रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. वाचा-उपचारासाठी आठवड्याला दोनदा रोजंदारी बुडवून अलिबाग कोण गाठणार? खासगी थेरपीचा खर्च तर महिन्यामागून महिने चालतो. ज्याला परवडते त्याचे मूल पुढे जाते. ज्याला नाही, त्याच्या मुलाला शाळा ‘मठ्ठ’ ठरवते. समान संधीचा प्रश्न पहिलीच्या वर्गाआधीच निकालात निघतो.

शाळेतही शिक्षक हवेत. केंद्राच्या 2022 च्या निकषानुसार प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करण्याचे आदेश दिले. आपल्या तालुक्यात किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आणखी तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. एक, विहारात येणाऱ्या 0 ते 6 वयाच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांकडून वाढीच्या टप्प्यांची तपासणी वर्षातून दोनदा ठेवावी. दोन, पालकांना जवळच्या खारघरमधील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेच्या प्रादेशिक केंद्राची माहिती द्यावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. 1 लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीही येते. तिचे अर्ज भरून द्यावेत. तीन, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातच लहान मुलांच्या नियमित थेरपीची सोय व्हावी, अशी लेखी मागणी पालकांच्या सह्यांनिशी करावी.

बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. आपल्या वस्तीतले जे मूल अजून बोलत नाही, तेही त्या शिक्षणाचे वारस आहे. त्याच्या आईला दोष देणे थांबवून तिच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे, ही आजची चळवळ आहे.