विश्लेषण : समलिंगी जोडप्याने बेटावरची सहल आखताना आधी काय पाहावे?

हाजरा फॉल आणि कचारगडची गुहा पाहून झाली की सालेकसा तालुक्यातील तरुणांच्या मनात पुढचे ठिकाण येते ते समुद्राचे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवरचा हा तालुका. सालेकसा स्थानकातून मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या धडधडत जातात, पण समुद्र मात्र दोन्ही बाजूंना दूरच. त्यामुळे अंदमान, मालदीव किंवा मॉरिशसची सहल म्हणजे इथल्या कुणासाठीही वर्षभर पैसे साठवून करायचा बेत. हा बेत आखणारे दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असतील आणि त्यांचे नाते जोडीदाराचे असेल, तर तिकीट आणि हॉटेलच्या आधी आणखी काही प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. ती कोणती, याचा हा आढावा.

भारतातील बेटांवर कायदा काय सांगतो?

भारतापुरते उत्तर सोपे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘नवतेज सिंग जोहर’ प्रकरणात प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. हा निकाल गोंदियाला लागू आहे, तसाच अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या केंद्रशासित प्रदेशांनाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ सारखे कलमच नाही. म्हणजे भारतातील कोणत्याही बेटावर दोन प्रौढ पुरुष किंवा दोन प्रौढ स्त्रिया एका खोलीत राहत असतील, तर तो गुन्हा नाही.

मात्र गुन्हा नसणे आणि नात्याला मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे सहलीत कुठेही ‘नाते’ असा रकाना आला, की हे जोडपे कायद्याच्या दृष्टीने दोन अविवाहित व्यक्ती ठरते.

अंदमान की लक्षद्वीप?

सालेकसाहून अंदमान तुलनेने सरळ पडते. गोंदियाहून हावड्याची गाडी, मग कोलकात्याहून विमान. नागपूरहून विमानाने निघूनही कोलकाता किंवा चेन्नईमार्गे जाता येते. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक आणि नील ही बेटे २०१८ च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. बुकिंगच्या संकेतस्थळांवर जुनी-नवी दोन्ही नावे दिसतात, त्यामुळे गोंधळ होऊ देऊ नये. नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव क्षेत्रात मात्र प्रवेश बंद आहे. बोटीच्या तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असावे. पारलिंगी प्रवाशांनी हे विशेष पाहावे. कागदपत्रांवर नाव किंवा लिंगाची नोंद बदलली असेल, तर विमान, बोट आणि हॉटेल या तिन्ही ठिकाणी एकच ओळखपत्र वापरावे.

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि मुख्य वाट कोचीवरून आहे. बेटे लहान, वस्ती एकमेकांना ओळखणारी, राहण्याच्या जागा मोजक्या. कायदा इथेही तोच आहे, पण गर्दीत मिसळून जाण्याची सोय नाही. पहिल्या सहलीसाठी अंदमान सोपे वाटते ते या कारणाने.

हॉटेलच्या काउंटरवर काय होते?

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. अविवाहित स्त्री-पुरुष खोली मागायला गेले, की अनेक हॉटेलांत प्रश्न सुरू होतात. खरे तर अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दोन पुरुषांना मात्र सहसा कुणी काही विचारत नाही. ‘मित्र आहोत’ एवढे पुरते. लपून राहणाऱ्याला खोली मिळते. ‘डबल बेड हवा’ असे मोकळेपणी सांगणाऱ्याच्या वाट्याला कपाळावरची आठी येऊ शकते.

यावरचा उपाय म्हणजे काउंटरवर वाद घालण्याची वेळच येऊ न देणे. बुकिंगपूर्वी हॉटेलला ईमेल किंवा संदेश पाठवून ‘आम्ही दोन पुरुष आहोत, एक डबल बेडची खोली हवी आहे’ असे सरळ लिहावे आणि लेखी होकार घ्यावा. उत्तर टाळाटाळीचे आले तर दुसरे हॉटेल शोधावे. एअरबीएनबीसारख्या मंचांच्या नियमांत लैंगिक कलावरून पाहुण्याला नाकारण्यास मनाई आहे, तिचाही आधार घेता येतो.

तरीही नाकारले तर? राज्यघटनेचा अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांतील प्रवेशावरून भेदभावाला मनाई करतो. त्यात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे शब्द आहेत. ‘लैंगिक कल’ हा शब्द नाही. खासगी हॉटेलाने केवळ लैंगिक कलावरून नाकारू नये, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदाही देशात नाही. पण पैसे भरून पक्के झालेले बुकिंग ऐनवेळी नाकारले, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे हॉटेल अंदमानातले असले, तरी सालेकसाच्या रहिवाशाला गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. त्यासाठी पावती, संदेश आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मालदीव, श्रीलंका जवळ; मग अडचण कोणती?

अडचण तिथल्या कायद्यात आहे. मालदीवमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासासह फटक्यांचीही तरतूद आहे. एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी तिथल्या पर्यटनाची घडी असल्याने रिसॉर्टमध्ये खासगीपणा मिळतो आणि जगभरातील समलिंगी पर्यटक तिथे जातातही. पण रिसॉर्ट म्हणजे कायद्यापासून सूट नव्हे. स्थानिक वस्तीच्या बेटांवरील गेस्ट हाऊस स्वस्त पडतात, म्हणून कमी खर्चात जाणारा भारतीय पर्यटक तिकडे वळतो. धार्मिक नियमांचा आणि शेजाऱ्यांच्या नजरेचा काच नेमका तिथेच जास्त असतो. ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याला सुरक्षितता अधिक, असा हा हिशेब आहे.

श्रीलंकेत ब्रिटिशकालीन दंडविधानातील ३६५ आणि ३६५ अ ही कलमे आहेत. ती बदलू पाहणारे विधेयक घटनेशी विसंगत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले; पण न्यायालयाचे मत म्हणजे बदललेला कायदा नव्हे. मलेशियातील लंकावी बेट भारतीयांत लोकप्रिय आहे. तिथेही ३७७ चा वारसा कायम आहे. कलमांचे आकडे ओळखीचे वाटतात, कारण ती एकाच साम्राज्याने मागे ठेवली आहेत.

मॉरिशसची गोष्ट वेगळी का?

मॉरिशसशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून गेलेल्या मजुरांचे वंशज आज तिथे मराठी भाषक समाज म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. या बेटावर १८३८ च्या फौजदारी संहितेतील कलम २५० अन्वये पुरुषांमधील संबंध गुन्हा होता. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रौढ संबंधांना ते लागू करणे घटनाबाह्य ठरवले. हे कलम मॉरिशसच्या समाजाने मागितलेले नव्हते, तर वसाहतीच्या काळातून आलेले होते, असेही न्यायालयाने नमूद केले. तिथल्या समान संधी कायद्यात (२००८) लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे. भारतात नसलेली ही तरतूद मॉरिशसमध्ये आहे, हे लक्षात घेण्याजोगे.

जवळच्याच सेशेल्सने २०१६ मध्ये असा कायदा रद्द केला. सिंगापूरच्या संसदेने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कलम ३७७ अ काढून टाकले.

थायलंड आणि बालीचे काय?

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. फुकेत, को सामुई या बेटांवर हॉटेलात ‘आम्ही जोडीदार आहोत’ असे सांगायला भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र कुठल्याही देशातून विवाहाचे प्रमाणपत्र आणले, तरी त्याला भारतात मान्यता नाही.

बाली ज्या इंडोनेशियात आहे, तिथे नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. विवाहबाह्य शरीरसंबंध त्यात गुन्हा आहे. पण तक्रार करण्याचा अधिकार पती-पत्नी, आई-वडील किंवा मुलांनाच आहे. पर्यटकाला थेट धोका कमी, तरी विवाहाचा हक्कच नसलेल्या जोडप्याने ही तरतूद माहीत करून घेतलेली बरी.

आणि एक सावधगिरी. कायदे पुढे जातात तसे मागेही जातात. त्रिनिदादमध्ये २०१८ साली न्यायालयाने अशी कलमे रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. भारतानेही २००९, २०१३ आणि २०१८ असे तीन टप्पे पाहिले आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा अनुभव ऐकावा, पण तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाचा आजचा कायदा तपासावा.

फोनमधून कोणता धोका?

डेटिंग ॲपवरून भेटीला बोलावून लुटणे किंवा ‘घरी कळवू’ अशी धमकी देऊन पैसे उकळणे, हे प्रकार भारतातही घडतात. अनोळखी बेटावर पहिली भेट चारचौघांत, कॅफे किंवा बाजारात घ्यावी आणि आपण कुठे आहोत हे एका माणसाला कळवावे. धमकी आली तर एकदा पैसे देऊन ती थांबत नाही. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. तक्रारदार समलिंगी असल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या क्रमांकावर कळवावे. जिवाला धोका असेल तर ११२. ज्या देशात समलिंगी संबंध गुन्हा आहे, तिथे असे ॲप फोनमध्ये न ठेवलेलेच बरे.

आजारपण आले तर जोडीदाराचे कोण ऐकणार?

बेटावर हा प्रश्न जास्त टोकदार होतो. स्वराज द्वीपवर पोहताना अपघात झाला, तर मोठ्या उपचारासाठी श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात हलवावे लागते. तिथे ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतो आणि शेजारी उभा असलेला जोडीदार कागदावर कुणीच नसतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये काही पावले टाकली. समलिंगी जोडीदारांना एकाच शिधापत्रिकेवर नोंद करता येते, संयुक्त बँक खाते काढता येते; जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिवाचा ताबा मागता यावा, असेही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले. पण जिवंतपणी उपचाराचा निर्णय घेण्याचा पत्नी किंवा पतीसारखा हक्क अजून नाही.

म्हणून प्रवास विम्यात आणि फोनच्या आपत्कालीन माहितीत जोडीदाराचे नाव संपर्क व्यक्ती म्हणून भरावे. ‘अमुक व्यक्तीला माझ्या उपचारांची माहिती द्यावी’ असे सही केलेले पत्र दोघांनीही सोबत ठेवावे. डॉक्टरांवर ते बंधनकारक नसले, तरी रात्री दोन वाजता बोलणे सुरू करायला उपयोगी पडते. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच असावीत.

घरी काय सांगायचे?

शहरातल्या मार्गदर्शिकांत हा प्रश्न नसतो. तालुक्याच्या गावात तो सगळ्यात मोठा असतो. पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस दारात आले, की गल्लीला कळते. दोन तरुण ‘मित्र’ म्हणून निघून जाऊ शकतात. दोन तरुणी न सांगता निघाल्या, तर घरचे ‘बेपत्ता’ची तक्रार नोंदवण्याची शक्यता असते. दोघी सज्ञान असतील, तर कुठे आणि कुणाबरोबर जायचे हा त्यांचा निर्णय आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तमिळनाडूच्या पोलिसांना अशा प्रकरणांत, दोघे सज्ञान आणि स्वखुशीने एकत्र असल्याची खात्री होताच, त्रास न देता तक्रार बंद करण्यास सांगितले होते. आपण स्वेच्छेने जात आहोत, अशी सही-तारखेची चिठ्ठी एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवणे शहाणपणाचे.

सगळ्यांना सगळे सांगण्याची सक्ती कुणावर नाही. पण निदान एका माणसाला खरे माहीत असावे. बहीण, वर्गमित्र, वहिनी, कुणीही. रुग्णालयातून फोन आला, बोट रद्द झाली, पैसे संपले, तर खोटी गोष्ट न रचता ज्याला सांगता येईल असा माणूस. असे घरात कुणी नसेल, तर नागपूरची सारथी ट्रस्ट, मुंबईची हमसफर ट्रस्ट या संस्था या समुदायासाठी काम करतात. तिथे बोलता येते.

पुढे काय बदलायला हवे?

नवविवाहित जोडपे अंदमानला जाते तेव्हा ते हवामान, बोटीची वेळ आणि खर्च पाहते. इथे त्यात दंडसंहिता, हॉटेलचा लेखी होकार, सही केलेले पत्र आणि विश्वासाच्या एका माणसाची भर पडते. ही जास्तीची तयारी हौसेची नाही. २०१८ च्या निकालाने अटकेची भीती घालवली. नाकारले जाण्याची भीती घालवणारा भेदभावविरोधी कायदा अजून यायचा आहे, आणि अडीअडचणीला जोडीदाराला ओळख देणारी तरतूदही. ती करणे संसदेच्या आणि सरकारच्या हातात आहे. हॉटेलच्या काउंटरवर जास्तीचा प्रश्न न विचारता किल्ली देणे मात्र आजही शक्य आहे. त्यासाठी कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.