रकाना सापडत नाही!

बालमित्रांनो, तुमच्या वर्गाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. आधी क्रमांक, मग नाव, मग तारखांचे रकाने. समजा, एके दिवशी नव्या बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "हजेरीपटातल्या रक्तगटाच्या रकान्यावरून मला यादी करून द्या." तुमचा मॉनिटर पानं उलटून उलटून दमेल, पण रकानाच नसेल तर तो वाचणार काय? बिचारा म्हणेल, "बाई, असा रकानाच नाही!"

संगणकही अगदी असंच म्हणतो, बरं का! मोठ्या कंपन्यांमध्ये माल, बिलं, रजा, पगार असा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतो. त्याची माहिती ज्या भल्यामोठ्या वहीत राहते, तो डेटाबेस. त्यात तक्ते असतात आणि तक्त्यांत ओळी व रकाने. माहिती अशी तक्त्यांत मांडण्याची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली मांडली. प्रोग्राम प्रत्येक रकान्याला नावाने हाक मारतो. त्या नावाचा रकाना नसला की ओरॅकलचा डेटाबेस 'ओआरए-००९०४' अशी चूक दाखवतो, मायएसक्यूएल '१०५४', तर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर '२०७'. आकडे निराळे, तक्रार एकच!

आता माझी फजिती ऐका. मी एका कंपनीच्या संगणक विभागात होतो. रविवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. सोमवारी पगारपत्रक काढायला गेलो, तर पडद्यावर लाल अक्षरं: 'रात्रीचे जादा तास' हा रकाना सापडत नाही! दुसऱ्या दिवशी पगार. फोन तर सारखा खणखणत होता.

माझ्या डोक्यात एक सोपी युक्ती आली. रकाना नाही ना? मग आपणच त्या नावाचा एक रिकामा रकाना जोडून टाकू! आमच्या विभागप्रमुख बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "चूक दिसेनाशी होईल रे, पण रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचे जादा तास कुठून येतील?"

मी गप्पच झालो. प्रोग्रामने त्या रिकाम्या जागेला शून्य समजून हिशेब केला असता. लाल अक्षरं गेली असती आणि काकांच्या घामाचे पैसेही! आरडाओरडा करणारी चूक परवडली. गुपचूप बसणारी चूक फार वाईट.

मग बाईंनी शोध कसा घ्यायचा ते दाखवलं. आधी सूचना अक्षर न् अक्षर वाचून कागदावर उतरवली: कुठला रकाना, कुठला तक्ता? मग विचारलं, ही चूक एकालाच येते की सगळ्यांना? सगळ्यांना येत होती, म्हणजे कुणा एकाच्या संगणकाचा दोष नव्हता. नंतर तक्ताच उघडून पाहिला. कधी कधी रकाना असतो, पण नावात एखादं अक्षर चुकलेलं असतं. इथे तो खरोखरच नव्हता.

सरावासाठी आम्ही डेटाबेसची एक नक्कल ठेवली होती. गंमत म्हणजे तिच्यात तो रकाना होता! उलगडा झाला. नव्या आवृत्तीचे भाग दोन: एक प्रोग्राम बदलणारा, दुसरा तक्ते बदलणारा. दुसरा भाग मी नकलेवर चालवून पाहिला आणि खऱ्या डेटाबेसवर चालवायलाच विसरलो. नवा प्रोग्राम, जुनी वही! तो भाग नुसता रकाना जोडत नव्हता. जुन्या 'जादा तास' रकान्यातले रात्रीचे तास वेगळे काढून नव्या रकान्यात भरतही होता.

आधी खऱ्या डेटाबेसची बॅकअप प्रत घेतली, कारण काही बिघडलं तर परतीची वाट हवी. मग राहिलेला भाग चालवला. लाल अक्षरं गेली. तरी बाईंनी तिघांचे पगार कागदावर मांडून ताडून पाहिले. त्यात वॉचमनकाकांचा पहिला! सगळे जुळले, तेव्हा कुठे पगारपत्रक निघालं. मी माझी चूक सर्वांसमोर कबूल केली. लाज वाटली खरी, पण मन हलकं झालं.

आता तुमची पाळी! घरातल्या पुस्तकांची एक यादी करा: नाव, लेखक, पानं. आठवड्याने तिच्यात 'वाचायला किती दिवस लागले' असा नवा रकाना जोडा. जी पुस्तकं अजून वाचलीच नाहीत, त्यांच्यापुढे काय लिहाल? शून्य की रिकामी जागा? परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलाला शून्य गुण मिळाले असं म्हणणं बरोबर आहे का? आईबाबांशी यावर जरूर वाद घाला. मात्र जुनी यादी फाडू नका हं, ती तुमची बॅकअप प्रत!

पुन्हा भेटू, पुढच्या आठवड्यात.