मेलेल्या अळ्या मोजून भागणार नाही

साक्री तालुक्यात मक्यावर फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी आधी पोंगा उकलून बघतो. आत लष्करी अळी वळवळताना दिसली की ‘औषधाला रिझल्ट नाही’ असा शेरा पडतो आणि कृषी सेवा केंद्रातून आणखी जहाल बाटली घरी येते. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन अशा कीटकवाढ नियंत्रकांच्या बाबतीत मात्र हा निकाल घाईचा असतो.

ही औषधे किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालत नाहीत. अळीला वाढायचे तर कात टाकावी लागते, आणि नव्या कातेला कायटिन लागते. ते तयार होणेच ही औषधे रोखतात. म्हणून फवाऱ्यात सापडलेली अळी पुढची कात टाकेपर्यंत जिवंत दिसते. त्याला काही दिवस लागतात.

त्याहून महत्त्वाचे पुढेच घडते. अपुरी मात्रा पोटात गेलेली एखादी अळी वाचते, कोषात जाते, पतंग होऊन उडते. पण अनेक किडींवरच्या प्रयोगांत अशा माद्यांनी कमी अंडी घातल्याचे आणि त्यांतली बरीच न उबल्याचे दिसले आहे. मादीच्या शरीरातले औषध अंड्यात उतरते. आत पिल्लू तयार होते, पण त्याची कातच कच्ची राहिल्याने त्याला कवच फोडता येत नाही.

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकातून महाराष्ट्रात आली. तिची एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते, एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे, वरून केसांचे पांघरूण. अशा किडीचा वंश खुंटवणे हे शंभर अळ्या मारण्यापेक्षा मोलाचे आहे.

किडीची वाढच रोखण्याच्या या विद्येची सुरुवात मोठी गमतीची. 1965 च्या सुमारास कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा यांनी प्रागहून हार्वर्डला नेलेले ढेकूणवर्गी कीटक काही केल्या प्रौढ होईनात. शोध घेता दोष निघाला पेटीत अंथरलेल्या अमेरिकी कागदात. तो ज्या फर झाडापासून बनला होता, त्यातच किडीला बाल्यावस्थेत अडकवणारे द्रव्य होते. पुढच्याच वर्षी के. एन. सक्सेना आणि कॅरोल विल्यम्स यांनी कपाशीवरच्या लाल ढेकणावरही तोच परिणाम दाखवला. हा ढेकूण खानदेशातल्या कापूस उत्पादकाच्या ओळखीचा आहे.

किडीची वाढ बिघडवणारे द्रव्य देणारे झाड तर आपल्या बांधावरच उभे आहे. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन अळीला खाण्यापासून परावृत्त करते, तिची कात बिघडवते आणि मादीची अंडी घालण्याची क्षमताही घटवते. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून त्यात साबणाचा चुरा मिसळायचा आणि शंभर लिटर द्रावण करायचे. हा झाला पाच टक्के अर्क. लष्करी अळीसाठी तो अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांच्या वेळीच फवारायची शिफारस आहे. एवढे असून पावसाच्या तोंडावर निंबोळ्या झाडाखाली सडून जातात, याची खंत वाटते.

अपुऱ्या मात्रेनेही अंडी घटतात म्हणून मात्रा कमी करावी, असा अर्थ कोणी काढू नये. अर्धवट मात्रेतून वाचलेल्या किडीच पुढे प्रतिकारक्षम वाण तयार करतात. काही कीटकनाशकांच्या अल्प मात्रेने तर उलट अंडी वाढतात. डेल्टामेथ्रिनच्या फवारणीनंतर भातावरचे तपकिरी तुडतुडे बळावल्याचे ठाऊक आहे. शिवाय कायटिन रोखणारे औषध मित्रकीटकांच्या आणि मधमाश्यांच्या पिल्लांनाही सोडत नाही, त्यामुळे फुलोऱ्यात ते टाळलेलेच बरे.

कृषी विभागाने आणि विद्यापीठांनी शेतावरच्या प्रात्यक्षिकांत मेलेल्या अळ्यांसोबत पुढच्या पिढीचे अंडीपुंज आणि त्यांतली उबलेली अंडीही मोजावीत, आणि ते आकडे मराठीत गावाच्या फलकावर लावावेत. शेतकऱ्यांनीही अळी लहान असतानाच योग्य मात्रेत फवारावे, चार-पाच दिवस थांबावे आणि दुसरी बाटली उघडण्यापूर्वी पानाच्या मागे अंडी किती आहेत ते एकदा बघावे.