टाकाऊतून टिकाऊ, पण बाईच्या वेळेचं काय?

‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेशी माझं भांडण आहे. कागदाशी नाही, कात्रीशी नाही, आणि रंगीत तुकडे जुळवत बसणाऱ्या बायांशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते हा फलक लावून गावोगाव तीन दिवसांची शिबिरं भरवणाऱ्यांशी, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून ‘इतक्या महिला स्वयंरोजगारक्षम झाल्या’ असा अहवाल वर धाडणाऱ्यांशी.

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात मी बचत गटांबरोबर काम करते. असंच एक शिबिर इथे झालं. ते भरवणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या आणि लेसचे तुकडे, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे यांपासून भेटवस्तूंना लावायचे टॅग, पाकिटांवरची फुलं, नावाच्या चिठ्ठ्या करायला शिकवलं गेलं. शिकवणारी मुलगी चांगली होती, हाताला सफाई होती. बायांनाही मजा आली. लग्नपत्रिका आपल्याकडे घरोघर साठलेल्या असतातच. त्यावर गणपती छापलेला, मग तो कागद चुलीत कसा घालायचा, उकिरड्यावर कसा टाकायचा? म्हणून फडताळात वर्षानुवर्षं गठ्ठे. जाड कागद, सोनेरी कडा, मखमली नक्षी. गणपती अलगद कापून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यातून टॅग करायचे, ही कल्पना बायांनी लगेच उचलली.

इथवर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती शेवटच्या दिवशीच्या भाषणातल्या एका वाक्यापासून: “कच्चा माल फुकट, म्हणजे सगळा नफाच नफा!”

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका. माल फुकट म्हणजे सगळा नफा, याचा अर्थ मालावर जे काही केलं तेही फुकट. कागद टाकाऊ होता, तशी त्यावर गेलेली बाईची दुपारही टाकाऊच. ती नाहीतरी वायाच जाणार होती.

आणि मुळात कागद तरी फुकट कुठे असतो? टाकाऊ कागदामागे श्रम असतात आणि त्या श्रमांना किंमत असते, हे पुण्याच्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ सालीच ठणकावून सांगितलं. बाबा आढावांच्या साथीने त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. आम्ही उकिरडा फुंकणाऱ्या नाही, शहराचा कचरा कमी करणाऱ्या कामगार आहोत, असं म्हणत महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली. २००८ साली त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. ज्या बायांना समाज कचऱ्यातच जमा धरत होता, त्यांनी कचऱ्याचा हिशेब मांडला. आमच्या शिबिरात मात्र हिशेबाचा तास नव्हता. रंगसंगतीचा होता.

म्हणून हिशेब मी मांडला. गटातल्या बायांबरोबर घड्याळ लावून बसले. पत्रिका उलगडून सपाट करणं, छपाई नसलेला भाग शोधणं, पट्टीने आखणं, कापणं, कोपरे गोल करणं, फूल चिकटवणं, पंचने भोक पाडणं, दोरा ओवून गाठ मारणं. हात बसलेल्या बाईला एका टॅगला सरासरी ६ मिनिटं लागली. तासाला १०. आठ तास मान वर न करता बसली तर ८०. शिबिरवाल्यांनी गाठ घालून दिलेल्या व्यापाऱ्याचा भाव नगाला १ रुपया. म्हणजे दिवसाचे ८० रुपये, आणि त्यातूनच गोंद, दोरा, टिकल्या आणायच्या. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीवरची मजुरी रोज ३१२ रुपये होती. ती तरी पोटापुरती कुठे होती? पण तोच आकडा धरला तरी नुसती मजुरी नगामागे ३ रुपये ९० पैसे होते. व्यापारी देतो १.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवा, आज्ज्या खडी फोडायला गेल्या होत्या. त्यांनाही मोजमापावरच मजुरी होती आणि मोजमापात लबाडीही होत होती. पण दर सरकारने ठरवलेला होता, त्यासाठी मोर्चा नेता येत होता, तहसीलदाराला घेराव घालता येत होता. त्यातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. टॅगच्या दरासाठी आम्ही घेराव कुणाला घालायचा? व्यापारी मोटारसायकलवर येतो, पिशवी घेतो, जातो. त्याचं दुकान नेमकं कुठे आहे हे गटातल्या एकीलाही ठाऊक नाही.

आता ‘फावला वेळ’ या शब्दाकडे येते. शिबिराच्या पत्रकात तो चार वेळा होता, आणि ‘घरबसल्या’ हा त्याचा जोडीदार. मी बायांना विचारलं, फावला वेळ कधी असतो? एक मावशी म्हणाल्या, “ताई, पाणी येऊन गेल्यावर, धारा काढल्यावर, भाकरी झाल्यावर, शेळ्यांचं बघितल्यावर, आन् ह्यांनी हाक मारली न्हाई तर.” सगळ्या हसल्या. पण दिवसाची गोळाबेरीज केली तेव्हा टॅग होत होते ते रात्री साडेनऊनंतर, बल्बच्या उजेडात, डोळे ताणून. पुरुषाच्या कामातून उरलेल्या वेळाला विश्रांती म्हणतात. बाईच्या उरलेल्या वेळाला फावला म्हणतात आणि त्यावर योजना आखतात.

‘घरबसल्या’मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. काम घरात आलं की ते एकटीचं राहत नाही. तिसऱ्या रात्रीपासून पाचवी-सहावीतल्या मुली भोकं पाडायला बसल्या. मुलगा शेजारी अभ्यास करत होता. त्याला कुणी हाक मारली नाही, त्याच्या हाताला म्हणे वळण नाही. एका बाईच्या नावावर जे ८० टॅग लिहिले जातात त्यात लेकीचे दोन तास असतात, आणि ते कुठल्याही वहीत नसतात. नगावर मजुरी देणाऱ्या प्रत्येक धंद्याने हेच केलेलं आहे.

आणि परत आलेला माल? पहिल्या खेपेतले कितीतरी टॅग ‘गोंदाचा डाग दिसतो’ म्हणून परत आले. त्यांचे पैसे नाहीत. इथे मला नगरच्या विडी कामगार बाया आठवतात. घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि तिथे कारकुनाने मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढायच्या, हा अन्याय त्या पिढ्यान्‌पिढ्या सोसत आणि त्याविरुद्ध भांडत आल्या. त्या भांडणातून देशभर काय मिळालं ते बघा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरात बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं. कच्चा माल किती दिला, छाट किती काढली, छाटीची मजुरी किती, यावरचे वाद सोडवायची सोय त्याच कायद्यात केली. मालक कोर्टात गेले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८५ साली घरी काम करणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीचाही हक्क मान्य झाला. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रमसंहितांत विलीन झाला आहे. त्यात विडीवाल्या बायांचं काय राहिलं आणि काय गेलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझा मुद्दा एवढाच की घरात बसून केलेलं कामही काम असतं, हे या देशाच्या कायद्याला साठ वर्षांपूर्वी कळलेलं होतं. शिबिरं भरवणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. त्यासाठी अहमदाबादच्या ‘सेवा’ने जिवाचं रान केलं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरकामगारांपासून वेगळी अशी ‘घरी राहून उत्पादन करणारी कामगार’ ही व्याख्या आली, हे चांगलंच झालं. पण तिसगावातल्या बाईच्या टॅगला त्या व्याख्येने दर मिळत नाही. शिवाय आमच्या बाईला कुणी कामगार म्हणतच नाही. ती ‘उद्योजिका’! उद्योजिका म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्न मिटला, छाटीचा मिटला, आजारपणाचा मिटला. तोटा झाला तर तो तिचा, कारण ती मालकीण. भाव मात्र व्यापारी ठरवणार. स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवता येत नाही अशी ही कसली मालकीण?

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही टीका करता, पण काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो बायाच विचारतात. पाथर्डी तालुका म्हणजे ऊसतोडीला जाणारा तालुका. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात, घराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं मागे राहतात. टॅगच्या निमित्ताने एखादी जरी घरी राहू शकली, पोरांची शाळा टिकली, तर कुणाला नको आहे? पण राहू शकते का, ते हिशेबाने सांगा. उचल आधीच घेतलेली असते, आणि टॅगचे दिवसाला ८० रुपये. शिबिराला आलेल्यांतल्या ज्या जोडीने तोडीला जायच्या, त्या यंदाही गेल्या.

ऊसतोडीतही बाईचं नाव वहीत नाहीच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल नवऱ्याच्या हातात, पट्टी नवऱ्याच्या नावावर. तरी तिथे टनाचा दर असतो, तो ठरवायला संघटना बसतात, संप होतात. जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ऊस तोडणारीला निदान आपण किती टन तोडला आणि टनाला काय ठरलंय हे माहीत असतं.

लोक मला ‘लिज्जत’चं उदाहरण देतात. जरूर द्या. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. पण तिथे बाया मालक आहेत त्या नावापुरत्या नाहीत. पीठ संस्था देते, पापड वजनावर घेते, लाटणावळ ठरलेली असते. आणि पापड रोज खाल्ला जातो. टॅग खात नाहीत. शहरात डाय-कटिंगच्या यंत्राखाली ताव ठेवला की एका दाबात कितीतरी साधे टॅग सुटतात. त्या टॅगशी तिसगावच्या कात्रीने भावात स्पर्धा करावी ही अपेक्षाच क्रूर आहे. हाताच्या कामाला हाताच्या कामाचा भाव देणारं गिऱ्हाईक शोधायचं, तर नमुने, रंग, बांधणी, वाहतूक, उधारी या सगळ्यावर वर्ष-दोन वर्षं खपावं लागतं. तेवढा वेळ प्रकल्पाच्या तक्त्यात बसत नाही.

बायांची कला नाकारणारी मी कोण? आपल्याकडे रुखवत काय होतं? सुपारीचे भटजी-भटजीण, काड्यापेटीच्या काड्यांचं घर, पत्रिकेच्या कागदाची तुळस. मुलीच्या आई-मावश्या महिनाभर खपायच्या, मांडवात दोन तास लोक बघायचे, आणि त्यावरून सासरचे मुलीचं मोल करायचे. त्या प्रथेबद्दल आपण या पानांवर पुष्कळ भांडलो आहोत. पण त्या बोटांत जे होतं ते खरंच होतं. दुपारी चौघी जणी ओट्यावर बसून कागद कापतात, सासूच्या तक्रारी करतात, हसतात, तेही खरं. कुणी आवडीने करत असेल तर करू दे, तिने त्याचा रुपयाही मिळवू नये! फक्त त्याला सक्षमीकरण म्हणू नका, आणि तिच्या आवडीच्या आधारावर स्वतःचा वार्षिक अहवाल सजवू नका. शिबिराला तीन विधवा होत्या, त्यांना खास बोलावून आणलं होतं. संक्रांतीच्या वाणाला लावायचे टॅग त्यांनी केले. ज्या हळदीकुंकवाला ते वाण लुटलं गेलं तिथे मात्र त्यांना बोलावणं नव्हतं.

शिबिरानंतर गटाने एक वही घातली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात सामान, तिसऱ्यात भाव. मुलींनी केलेलं काम वेगळ्या शाईने. व्यापारी पुन्हा आला तेव्हा बायांनी वही उघडून नगाला ५ रुपये मागितले आणि डाग पडलेल्या मालाची अर्धी मजुरी. तो म्हणाला, “इतकं कुणी देत नाही,” आणि निघून गेला. अजून परत आलेला नाही. दोघी जणी माझ्यावर नाराज आहेत, आलेलं गिऱ्हाईक घालवलं म्हणून. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, त्यांना त्या आठवड्यात खरोखर पैशांची गरज होती. चौघी जणी मात्र आता गावातल्याच बारशा-लग्नांची कामं थेट घेतात, भाव आधी ठरवून. फार नाहीत, लग्नसराईपुरती.

परवा आणखी एका शिबिराचं पत्र आलं, या वेळी कागदी दागिने. गटाने उत्तरात विचारलं आहे: माल कोण घेणार, तासाला किती पडणार, परत आलेल्या मालाची मजुरी कोण देणार? हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. तुमच्या गावात अशी शिबिरं झाली असतील तर आपल्या गटाचा दर आणि एका नगाला लागणारी मिनिटं पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.