असह्य, तिटकारा आणि द्वेष

नारायणगुड्यात मावशीकडे राहिलो होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या तेलुगू आंटींनी गरम भात आणि आवकाया लोणचं आणून दिलं. गोव्याच्या तिखटावर वाढलेली जीभ, तरी दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी. मी मोडक्या हिंदीत म्हणालो, "आंटी, एकदम असह्य है!" कौतुकच होतं ते. आंटींचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

त्या गेल्यावर मावशी फिसकटली. "अरे, तेलुगूत 'असह्यम्' म्हणजे किळस! सोसवत नाही म्हणायचं तर 'भरिंचलेनु' म्हण." मावशीला असल्या खाचाखोचा बरोब्बर ठाऊक. ज्या वस्तीतल्या शाळेला केशवराव कोरटकरांचं, म्हणजे एका मराठी न्यायमूर्तींचं नाव आहे, तिथल्या मराठी माणसाला चार भाषा सांभाळाव्याच लागतात.

शब्द एकच, संस्कृतातला. मराठीत ऊन असह्य होतं, दुखणं असह्य होतं. कमी पडते ती आपली सोसण्याची ताकद. तेलुगूत तो समोरच्या वस्तूलाच जाऊन चिकटला. 'घृणा' तर आणखी गमतीची. संस्कृतात तिचा अर्थ दया असाही होतो. आपल्याकडे दया गळाली, उरली ती नुसती शिसारी.

मग आपल्या शब्दांकडे बघत बसलो. तिटकारा येतो, किळस येते, वीट येतो. आपण काही करत नाही, ते आपोआप येतं. द्वेष मात्र येत नाही. 'वाटतो' म्हणतात कधीकधी, पण बहुधा तो करावा लागतो. दुस्वासही करावाच लागतो.

म्हणूनच आमच्या गोव्यात 'मराठीद्वेष्टा', 'कोकणीद्वेष्टा' हे शब्द ज्या सहजपणे फेकले जातात त्याची मला चीड येते. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. हे कुणाला पुरेसं वाटतं, कुणाला नाही. पण मराठीलाही राजभाषा करा म्हणणारा कोकणीचा द्वेष करतो, किंवा त्याला विरोध करणारा मराठीचा, हे कुठून आलं? मी घरी कोकणी बोलतो, लिहितो मराठीत. दोन्ही शिव्या खाऊन झाल्यात. द्वेष म्हणायचा तर त्या माणसाने काय केलं ते दाखवा ना! नुसता कंटाळा असेल, मतभेद असेल, तर तेवढंच म्हणा.

असो. दुसऱ्या दिवशी 'भरिंचलेनु' पाठ करून आंटींकडे गेलो. त्या खो खो हसल्या, आणि म्हणाल्या, भातावर तूप घ्यायचं असतं रे, कोरडा कुणी खातं का?