गाठ केवढी, यापेक्षा गाठ कोणती

मेंदूत गाठ निघाली असे कळताच आपल्या व्यापारी घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘केवढी आहे?’ आणि दुसरा, ‘कितवी स्टेज?’ मेंदूत उगम पावलेल्या गाठी सहसा मज्जासंस्थेबाहेर पसरत नाहीत. म्हणून तेथे स्टेजऐवजी श्रेणी पाहतात. कर्जाची जोखीमही आम्ही बँकेत नुसत्या रकमेवरून ठरवीत नसू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या श्रेणी १ ते ४ आहेत. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिन्जिओमा बहुधा पहिल्या श्रेणीचा, सावकाश वाढणारा असतो. मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठी म्हणजे ग्लिओमा. त्यांतील ग्लिओब्लास्टोमा चौथ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक श्रेणीचा. २०१६ पासून सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आयडीएचसारख्या जनुकांतील बदलही पाहिले जातात आणि २०२१ च्या आवृत्तीत त्यांचे महत्त्व आणखी वाढले. अर्थात पहिली श्रेणी म्हणजे निर्धोक, असे नव्हे. कवटी काही ताणली जात नाही. आत साधी गाठ वाढली तरी तिचा दाब मेंदूवरच येतो.

शिवाय स्कॅनमध्ये दिसणारी प्रत्येक गाठ मेंदूचीच असते असे नाही. फुप्फुस वा स्तनाचा कर्करोग तेथे पोचलेला असू शकतो. आपल्या देशात क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची पुटीही आढळते, आणि ती बहुधा औषधांनी आटोक्यात येते. ही पुटी शाकाहारी घरांतही होते. कृमीची अंडी अस्वच्छ हातांवाटे किंवा नीट न धुतलेल्या पालेभाजीवाटे पोटात जातात.

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये वर्षे काढलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागले, की दोष यंत्रांच्या आवाजाला दिला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. पण कारखान्यातील गोंगाट सहसा दोन्ही कान बिघडवतो. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, त्याच कानात सतत घूं घूं होत असेल, तर कानाच्या मज्जातंतूवरील श्वानोमा नाही ना, हे पाहण्यासाठी श्रवणचाचणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय करावा. प्रौढ वयात प्रथमच आलेली फिट आणि पहाटे उठवणारी, उलटीसह येणारी डोकेदुखी यांचीही तपासणी लांबवू नये.

कारणांविषयी समजुतीच फार. नाशिक महामार्गावर दुचाकी घसरते, स्कॅन होतो आणि जुना मेनिन्जिओमा सापडतो. मग तो अपघातानेच झाला असे सर्वांच्या मनात बसते. मोबाईलच्या लहरींना २०११ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले गेले, मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. निश्चित ठाऊक असलेली कारणे थोडीच : डोक्याला पूर्वी दिलेली किरणोपचाराची मात्रा आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही आनुवंशिक विकार. बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही, आणि बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात. तरीही मुलीचे लग्न आणि बाजारातील पत यांच्या धास्तीने फिट लपवली जाते, आणि उपचाराचे मोलाचे महिने त्यात जातात. ही लपवाछपवी मला आजाराइतकीच घातक वाटते.

दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्यांनी नुसता छापील अहवाल नेऊ नये. शस्त्रक्रिया झाली असल्यास गाठीचा पॅराफिन ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून घ्याव्यात, व एमआरआयची सीडीही सोबत ठेवावी.